चौविहार आणि नेपाळचे डोंगर



नेपाळचा बेत ठरला तेव्हा घरात एकच काळजी होती: सत्तरीच्या सासूबाईंचा चौविहार उंचावर निभेल का? तिथल्या विरळ, कोरड्या हवेत शरीराला पाणी जास्त लागतं आणि त्या सूर्यास्तानंतर थेंबही घेत नाहीत. साध्वीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रकृतीसाठी पच्चक्खाणात आगार असतात. मळमळ, डोकेदुखी झाली तर पाणी घ्यायचं आणि लगेच खाली उतरायचं, हे सासूबाईंनी निघण्याआधीच कबूल केलं.

आम्ही कार्तिकी पौर्णिमेनंतर निघालो. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस, दरडी कोसळतात. शिवाय आपला चातुर्मास. नोव्हेंबरअखेर आकाश स्वच्छ असतं. मात्र सूर्य पाचनंतर लगेच मावळतो, म्हणून जेवण साडेचारला.

उंची हळूहळू वाढवली. पोखरा सुमारे ८०० मीटर. तिथून विमानाने थेट न जाता गाडीने कालोपानी, २,५०० मीटर, एक मुक्काम. मग जोमसोम, २,७०० मीटर, दोन मुक्काम. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, म्हणून तिथे राहिलो नाही. सकाळी जाऊन, धवलगिरी पाहून, दुपारच्या आत परतलो. कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारी जोराचा वारा सुटतो. नवकारशीपासून दिवसभर उकळलेलं पाणी थोडं थोडं देत राहिले.

आगाराची गरज पडली नाही. पण तो ठरलेला होता, म्हणून मी रात्री निवांत झोपू शकले.