ढाल पेलणाऱ्याच्या पाठीशी

क्रांती चौकाजवळच्या आमच्या घरी गेली तीन वर्षे मी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची शुश्रूषा करीत आहे. एका संध्याकाळी नातू ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला संगणकीय खेळ मांडून बसला होता. ‘आजोबा, कोणता योद्धा होऊ?’ त्याने विचारले. पर्याय तीन : एकच अवजड शस्त्र दोन्ही हातांनी पेलणारा, दोन हातांत दोन शस्त्रे घेऊन तुटून पडणारा आणि ढाल पुढे करून शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेणारा रक्षक. मी नकळत ढालीवर बोट ठेवले.

‘मग मागे जखमा भरून काढणारा सोबती हवाच,’ तो म्हणाला, ‘एकटा ढालवाला फार काळ टिकत नाही.’

मी निरुत्तर झालो. पाठ धरली, झोप उडाली, तरी मी कुणालाही हाक मारली नव्हती. त्याच रात्री मुलाला म्हणालो, ‘आठवड्यातील दोन रात्री आईजवळ तू थांब.’ आता त्या रात्री मला शांत झोप लागते. पहाटे चौकातील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत फेरीही होते.

आपल्या माणसाची ढाल झालेल्या वाचकांनो, आपल्या पाठीशी कोण आहे? कुणी नसेल, तर आजच हाक मारा.