दिघीला जाताय? आधी अलर्ट बघा!

पाऊस बघायचाय? मग दिघी गाठा. अलिबाग, मुरूड करत बाईक आगरदांड्याला आणायची, जंगल जेटीवर चढवायची आणि राजपुरीची खाडी ओलांडायची. उजव्या हाताला जंजिरा सरींमध्ये पुसट होत जातो. एकदम झक्कास!

एका जुलैत मी असाच शनिवारी पोचलो. रविवारी सकाळी रेड अलर्ट, फेरी बंद. सोमवारी प्रेझेंटेशन! म्हटलं, म्हसळा-माणगावच्या रस्त्याने सुटू. जिथे उतरलो होतो, त्या काकूंनी चहाचा कप हातात दिला. “ऑफिस बुडेल रे, पण तू कशाला बुडतोस?”

पाऊस त्यांना नवा नाही. “पूर्वी झड लागायची, आठ-आठ दिवस. आता चार दिवस ऊन, नि मग आठवड्याचा पाऊस एका रात्रीत.”

शास्त्रज्ञही तेच सांगतात. पुण्याच्या आयआयटीएममधल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अभ्यास म्हणतो, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. गंमत म्हणजे मोसमाचा एकूण पाऊस मात्र घटला. कारण समोरच आहे, तापणारा अरबी समुद्र. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. ते सोडते तेव्हा हिशोब ठेवत नाही.

२६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला फक्त ७३. त्याच पावसात आपल्या रायगडात, महाड तालुक्यातल्या जुई, दासगावमध्ये दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिमी पडला. ते पाणी सावित्रीने खाली आणलं, महाड बुडालं. त्याच दिवशी तळियेत दरडीखाली ८०हून जास्त माणसं गेली.

मी निमूटपणे बॉसला फोन लावला आणि आमटी-भात जेवून झोपलो. मंगळवारी ऑफिसला पोचलो. प्रेझेंटेशन बुधवारी झालं, जगबुडी काही आली नाही.

तेव्हा मंडळी, दिघीला जरूर जा. फक्त निघण्याआधी हवामान खात्याचा रायगडचा इशारा बघा, फेरी सुरू आहे ना विचारा आणि एक रजा शिल्लक ठेवा. रेड अलर्ट असला तर भजी घरीच तळा!