फ्रीडाचे खिळे

फ्रीडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचे ‘भग्न स्तंभ’ हे चित्र आपण पाहिले आहे का? १९४४ सालचे हे चित्र जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीचे आहे. ओसाड, भेगाळलेल्या माळावर फ्रीडा उभी आहे. गळ्यापासून कमरेपर्यंत शरीर उभे उकललेले, आणि आत कण्याच्या जागी ग्रीक मंदिरातला असावा तसा, ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब. पांढऱ्या पट्ट्यांनी तो देह कसाबसा बांधून ठेवला आहे. सर्वांगावर खिळे आहेत.

१९२५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बसच्या अपघातात तिचा कणा मोडला. पुढचे आयुष्य शस्त्रक्रियांत आणि प्लास्टरच्या व पोलादी पट्ट्यांत गेले. आंद्रे ब्रेताँने तिला अतिवास्तववाद्यांत गणले. आपण केवळ स्वतःचे वास्तव रंगवतो, असे तिचे म्हणणे होते. ज्याची पाठ कधी दीर्घकाळ दुखली आहे, त्याला तिचेच पटेल.

मला पटले. माझ्या पाठदुखीचे ते दुसरे वर्ष होते. तपासण्यांत विशेष काही निघत नव्हते आणि घरात ‘दिसायला तर बरी दिसतेस’ हे वाक्य रुळले होते. आपण कांगावा तर करत नाही ना, अशी शंका मलाच येऊ लागली होती.

त्या चित्रातले खिळे नीट पाहा. ते सारखे नाहीत. चेहऱ्यावर बारीक, हृदयापाशी सर्वांत मोठा. डोळ्यांतून अश्रू ओघळताहेत, पण ओठ वाकडे झालेले नाहीत. नजर थेट आपल्याकडे. अशी बाई दवाखान्यात गेली असती, तर तीही ‘बरी’च दिसली असती!

फिजिओथेरपीच्या पहिल्या भेटीत मानवी आकृती छापलेल्या कागदावर दुखरी जागा दाखवायची होती. मी कमरेवर एक गोल काढला होता. चित्र पाहिल्यावर नवा कागद मागून घेतला आणि खिळे काढत बसले, लहान, मोठे. तेव्हा कळले, उजव्या कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत त्यांची रांगच लागली आहे. पायाचे मी कधी बोललेच नव्हते. कुणी विचारले होते ते पाठीचे. तो कागद पाहून थेरपिस्टबाईंनी पायाविषयी बरेच काही विचारले आणि व्यायाम बदलून दिले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी टेबलावरचा कागद उचलला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “पेन्सिल दे गं,” आणि आकृतीच्या दोन्ही गुडघ्यांवर एकेक ठसठशीत खिळा काढला.