आडवी शिळा

पाठ्यपुस्तकातील इतिहासात राजे असतात, शिलालेख आणि ताम्रपट असतात. ज्यांच्यापाशी लिपी नव्हती, त्यांनी आपल्या मृतांसाठी नुसते दगड मांडले. आपल्या विदर्भात असे दगड विपुल आहेत. नागपूरजवळ काटोल मार्गावरील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. त्यांतील काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. माहुरझरीच्या दफनांतून घोड्याचा साज मिळाला, तर नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील हे लोक धातुविद्येत निपुण होते. मात्र त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे लिहिलेले नाही.

मृताच्या स्मरणार्थ शिळा उभी करण्याची प्रथा भामरागडकडील माडिया बांधवांनी आजवर जपली आहे. अशा शिळा कधी आडव्याही होतात. पाऊस पायथ्याची माती वाहून नेतो, गुरे अंग घासतात. तरीही पडलेली शिळा मुकी नसते. तिचा पूर्वी गाडलेला भाग, रिकामा खड्डा, शेजारच्या शिळेपासूनचे अंतर, हे सारे पुरावेच होत. घाईने तिला उभी केली वा शेंदूर फासला, की ते पुसले जातात.

शिळेइतकीच तिच्या भोवतालची जागाही महत्त्वाची असते. आपल्या देवरीशेजारी सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला गोंड बांधव दूरदूरच्या राज्यांतून तेथे येतात. डोंगर, चढणीची वाट आणि गुहा मिळून ते श्रद्धास्थान होते. त्यातून एकटी गुहा वेगळी काढता येत नाही.

हे शिकवीत असता विद्यार्थी विचारतात, "सर, मग हे दगड आपल्याच पूर्वजांचे ना? स्तूपही अस्थींवरच उभारले गेले." होकार देण्याचा मोह मलाही होतो. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला, त्यांना पूर्वजांची ओढ असतेच. परंतु १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी वेगळी शिस्त घालून दिली आहे. पुराव्याची साखळी तुटलेली असेल, तेथे इतिहासकाराने कल्पनाशक्तीच्या आधारे अनुमान जरूर करावे. मात्र ते गृहीतक म्हणूनच मांडावे. म्हणून मी सांगतो, साम्य म्हणजे वारसाहक्क नव्हे. आपला इतिहास हिरावला गेल्याची वेदना आपण जाणतो. तीच वेदना आपल्या हातून दुसऱ्या कोणाला होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांनो, रानात अशी शिळा आढळली तर ती हलवू नका. मापे घ्या, रेखाटन करा, गावातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पुरातत्त्व विभागास कळवा. आपल्या शाळेने दिलेल्या शिक्षणाचा तो सार्थ उपयोग ठरेल.