थ्री नॉट थ्री की नवी रायफल?

जुने ते सोने, असे आपण सहज म्हणून जातो; पण सोनारसुद्धा जुने सोने कसोटीवर घासल्याखेरीज पैसे मोजत नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, विहिरीवरचे जुने इंजिन घेताना ते तासभर चालवून पाहतो. मग जिच्या एका तोंडातून आग निघते आणि दुसऱ्या टोकाला आपलाच गाल टेकलेला असतो, अशी वस्तू केवळ स्वस्त मिळते म्हणून घ्यावी काय? हा प्रश्न २०२३ साली कॅनडात माझ्या पुतण्याच्या घरी उभा राहिला. मी तेथे पाच महिन्यांसाठी गेलो होतो आणि उत्तर माझ्याकडेच मागितले गेले, कारण लष्करात मी आर्मरर होतो. जवानांच्या बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, असे म्हणा ना. सिकंदराबादला शिकलो आणि पुढे बावीस वर्षे हेच काम केले.

पुतण्या अल्बर्टा प्रांतात गुरांच्या मोठ्या मळ्यावर नोकरीला होता. पगारातून पैसे साठवून त्याने शेजारचे रान खंडाने घेतले आणि तीस गाई स्वतःच्या केल्या. तिकडे गाई वितात त्या थंडी सरता सरता. रात्री पारा उणे वीसच्या खाली आणि ओले वासरू बर्फात पडलेले. अशा वेळी कायोटी नावाचे कोल्ह्याच्या जातीचे जनावर टपून बसते. त्या हंगामात पुतण्याची दोन वासरे गेली. तीस गाईंच्या धन्याला दोन वासरे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिकडे जमीन कसणाऱ्याला स्वतःच्या रानात कायोटी मारण्यासाठी वेगळा शिकारपरवाना लागत नाही. बंदूक बाळगण्याचा परवाना मात्र लागतो. तो पुतण्याने आणि सुनेने, दोघांनीही रीतसर शिक्षण घेऊन व परीक्षा देऊन काढला होता.

शेजारी एक विधवा आजीबाई राहत. त्यांच्या सासऱ्याने १९५० नंतरच्या दशकात एक जुनी लष्करी रायफल घेतली होती. ती त्या दोनशे डॉलरला द्यायला तयार होत्या. दुकानातली नवी रायफल, तिच्यावरच्या दुर्बिणीसकट, त्याच्या पाचपट पडत होती. पुतण्या म्हणाला, "तात्या, आठशे डॉलर वाचतात. तेवढ्यात एका गाईचा हिवाळ्याचा चारा येईल." त्याचे म्हणणे वावगे नव्हते.

ती रायफल पाहिली आणि जुना मित्र भेटल्यासारखे झाले. ली-एन्फिल्ड, आपल्याकडच्या भाषेत थ्री नॉट थ्री. नळीच्या आतला व्यास इंचाचे हजार भाग केले तर तीनशे तीन भाग, म्हणून हे नाव. या घराण्याची पहिली रायफल १८९५ साली ब्रिटिश फौजेत आली. पहिल्या महायुद्धात आपली मराठा पलटण मेसोपोटेमियात लढली ती याच घराण्याच्या रायफली घेऊन. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे तयार होत होती. १९६२ च्या युद्धानंतर त्याच कारखान्याने हाच सांगाडा वापरून ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. आजीबाईंकडची होती दुसऱ्या महायुद्धातली 'नंबर चार'. टोरांटोजवळ लाँग ब्रँच येथे अशा सुमारे नऊ लाख रायफली झाल्या. युद्ध संपले, फौजा घरी गेल्या, कोठारे भरून राहिली. सरकारांनी हा माल व्यापाऱ्यांना मातीमोल भावाने विकला. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्याने बंदी येईपर्यंत रायफल चक्क टपालाने घरपोच मिळे. हरिण मारून घरचे मांस भरणाऱ्या गरीब शेतकऱ्याला हे वरदानच वाटले. तिकडच्या कित्येक घरांत दाराआडची पहिली चांगली रायफल अशी आली.

जुन्या रायफलीच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे. ती चिखलात, धुळीत, बर्फात चालावी म्हणूनच घडवलेली. बोल्ट लोण्यासारखा सरकतो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात, आणि पोलाद असे की तीन पिढ्या वापरा. कॅनडाच्या उत्तर टोकाला 'रेंजर्स' नावाचे दल आहे. बर्फाळ वस्त्यांतले स्थानिक लोकच त्यात असतात. १९४७ पासून सत्तर वर्षे त्यांनी हीच नंबर चार वापरली. पांढरे अस्वल अंगावर आले तर हिच्यावरच भिस्त. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पण त्याच रेंजर्सनी २०१८ च्या सुमारास ती बदलायला घेतली. ती वाईट झाली म्हणून नव्हे. सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. फिनलंडमधल्या टिक्का रायफलीच्या धर्तीवर कॅनडातच बनवलेली, लाल दस्त्याची नवी रायफल त्यांना दिली गेली. ज्यांच्या घरी जुने ऑइल इंजिन आहे त्यांना हे चटकन कळेल. इंजिन स्वतःहून मरत नाही. त्याचा पिस्टन आणि रिंगा बाजारातून नाहीशा होतात, तेव्हा ते मरते.

मी आजीबाईंची रायफल पुतण्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली. आधी बोल्ट मागे ओढून, डोळ्याने आणि बोटाने, आत काडतूस नाही याची खात्री केली. मग बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले. नळीत पीळदार आटे असतात. त्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. इथे मध्यभागी काळे चट्टे होते. जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीतल्या दारूने नळीत क्षार बसतात, ते दमट हवेतली ओल शोषतात आणि पोलाद खातात. त्यासाठी गोळीबार झाला की नळीतून उकळते पाणी ओतायचे आणि मग तेल द्यायचे, असा फौजेत दंडक होता. घरी नेऊन खुंटीला अडकवणाऱ्याला तो कोण सांगणार? पुढे नळीचे तोंड पाहिले. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासली की तोंडाचा गोल लंबगोल होतो आणि नेम भरकटतो. तसेही थोडे झाले होते. पुढचे लाकूड वजन कमी करण्यासाठी कोणीतरी करवतीने कापलेले होते. अशी कापाकापी केली की जपणूक करणाऱ्या शौकिनांच्या लेखी तिची किंमत उतरते. अस्सल, न छेडलेल्या रायफलीला आता ते लोक साध्या नव्या रायफलीहूनही जास्त पैसे मोजतात. म्हणजे जी स्वस्त मिळते ती बहुधा अशी छेडलेलीच असते.

खरी गोष्ट पुढेच होती. बोल्टवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळत नव्हता. म्हणजे बोल्ट दुसऱ्या रायफलीचा. काडतूस नळीच्या घरात बसल्यावर त्याच्या बुडाशी बोल्टचे डोके टेकते. त्या दोहोंत जागा किती असावी, याचे माप केसासारखे बारीक असते. जागा जास्त झाली तर पितळी पुंगळी ताणून फाटते आणि आतला तप्त वायू मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. या रायफलीत हे माप सांभाळण्यासाठी बोल्टचे डोके सुटे केलेले असते आणि ते शून्य, एक, दोन, तीन अशा चार मापांत येते. झीज वाढेल तसा मोठा नंबर लावायचा. या बोल्टवर आधीच तीन नंबरचे डोके होते. तिनाच्या पुढे नंबर नाही! गावातल्या बंदूक-कारागिराकडे जाऊन आम्ही मापाची पोलादी सोंगटी आत घालून पाहिली. ज्या सोंगटीवर बोल्ट मिटता कामा नये, तिच्यावर तो सहज मिटला. कारागिराने मान हलवली आणि मीही.

समजा, ती रायफल ठणठणीत निघाली असती, तरी मी पुतण्याला तीच घे म्हटले असते का? याचा विचार मी तेव्हाही केला. हिची लष्करी गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास धावणारी. ती घडवली शत्रूच्या जवानासाठी. चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊन पडणारी. दहा-पंधरा किलोच्या कायोटीसाठी ती म्हणजे ढेकूण मारायला घण. शिवाय कडक टोकाची लष्करी गोळी जनावरातून आरपार निघून जाते, आणि पलीकडे गाई असतात, शेजाऱ्याचे घर असते. मऊ टोकाची शिकारी काडतुसे मिळतात, पण दुकानात थ्री नॉट थ्रीची खोकी थोडी आणि महाग. म्हणजे रायफलीत वाचलेले पैसे काडतुसांत जाणार आणि सरावाचा हात आखडणार. ज्या हत्याराचा सराव परवडत नाही, ते हत्यार घरात असून नसल्यासारखेच.

दुर्बिणीचेही तसेच. पहाटेच्या अंधुक उजेडात कायोटी की शेजाऱ्याचा कुत्रा, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. नवी रायफल कारखान्यातूनच दुर्बीण बसवण्याच्या सोयीने येते. जुनीला भोके पाडावी लागतात किंवा जुळवाजुळव करावी लागते. जुने लाकूड दमटपणात फुगते, कोरड्यात आकसते आणि त्याबरोबर गोळी पडण्याची जागा सरकते. नव्याचा दस्ता कृत्रिम द्रव्याचा असला तर ही कटकट नाही.

शेवटचे मत सुनेचे पडले, आणि ते पडायलाच हवे होते. पुतण्या दिवसभर मालकाच्या मळ्यावर. मागे रानात ती आणि चार वर्षांचा मुलगा. ती म्हणाली, "तात्या, वेळ आली तर ही मलाच उचलायची आहे." चार किलोंची ती रायफल तिने खांद्याला लावली तेव्हा दस्ता लांब पडला आणि बोल्टपर्यंत हात नीट पोहोचेना. फौजेत आम्ही जवानाच्या हातापायाच्या मापाने आखूड-लांब दस्ते देत असू. पण आता ते शोधायचे कुठे? मग दुकानात जाऊन तिच्या खांद्याला बसेल अशी रायफल पाहिली. काडतूस निवडले पॉइंट टू फोर थ्री, १९५५ साली निघालेले. गोळी हलकी, मार सरळ, धक्का कमी. कायोटीला पुरेसे आणि हरणालाही चालणारे. त्याबरोबर कुलपाचे लोखंडी कपाट घेतले. तिकडचा कायदा रायफल रिकामी आणि कुलपात ठेवायला सांगतो. कायदा नसता तरी चार वर्षांच्या पोराच्या घरात मी तेच सांगितले असते. एकंदर अकराशेच्या वर डॉलर गेले. चाऱ्याचे पैसे त्या वर्षी उसने घ्यावे लागले. मला त्याचे वाईट वाटले, पण सल्ला बदलावासा वाटला नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे कॅनडातले. आम्हाला काय त्याचे? आपल्याकडे थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला मिळतच नाही. ती निषिद्ध बोअरची म्हणून कायद्याने राखीव आहे. म्हणून तर आपल्या आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी त्याच घराण्याच्या सांगाड्यावर पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल काढली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला. आपल्या रानडुकरांचा आणि रोह्यांचा प्रश्न खरा आहे. पण वनखात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडणे हा गुन्हा आहे, आणि परवाना नसलेल्या गावठी बंदुकीची गोष्टच नको. तशा बंदुकीचे माप कोणत्याच सोंगटीने घेतलेले नसते.

तरीही या हकिकतीतला हिशेब आपलाच आहे. जुना ट्रॅक्टर, जुना पंप, जुनी मळणीयंत्रे आपण रोजच घेतो. घेताना चार गोष्टी विचाराव्यात. माझे काम नेमके कोणते? त्या कामाच्या मापाचीच ही वस्तू आहे का? तिचे सुटे भाग आणि खुराक उद्या मिळेल का? आणि घरात ती कोणाकोणाच्या हातात जाणार आहे? या चारांची उत्तरे नीट आली तर जुनी वस्तू आनंदाने घ्यावी. नव्याचा सोस बाळगू नये. माझ्याकडचा वडिलांचा लोखंडी नांगर अजून चालतो आणि मी तो बदललेला नाही. पण एकाही प्रश्नाचे उत्तर डळमळीत आले, तर किंमत कितीही कमी असो, ती महागच समजावी.

आजीबाईंना आम्ही रायफलीचे खरे ते सांगितले. दुसऱ्या कोणा अनभिज्ञाला विकू नका, हेही सांगितले. त्यांनी कारागिराकडून ती कायमची निकामी करून घेतली आणि सासऱ्यांच्या फोटोखाली भिंतीवर लावली. चांगल्या हत्याराचे म्हातारपण असे जावे, यात मला काही गैर वाटत नाही. त्या नळीने आपले काम केव्हाच पुरे केले होते.