ताडपत्रीखालची लाकडी कमान

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीत जून महिन्यात गेलात, तर ऐंशी वर्षांपूर्वीची एखादी लष्करी गाडी रस्त्यात हमखास भेटते. ६ जून १९४४ ला दोस्तराष्ट्रांचं सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. त्याची आठवण म्हणून दरवर्षी हौशी मंडळी जुन्या जीप आणि ट्रक घेऊन गावोगाव फिरतात. आरोमांशला ओहोटीच्या वेळी तेव्हाच्या तात्पुरत्या बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून पाण्याबाहेर दिसतात आणि वर रस्त्यावर या गाड्यांची रांग लागते.

मुलांची गर्दी जीपभोवती. पण या भागाचा खरा इतिहास त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ट्रकचा आहे. अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी ट्रक, सैनिकांच्या भाषेत ‘जिमी’. असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले. किनाऱ्यावरून सैन्य झपाट्यानं पुढे गेलं तेव्हा त्याच्यापाठोपाठ पेट्रोल, दारूगोळा आणि शिधा पोचवायला सँ-लो ते शार्त्र अशी ट्रकची अखंड साखळी सुरू झाली. तिचं नाव ‘रेड बॉल एक्सप्रेस’. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ एवढ्या दिवसांत जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, आणि दुसऱ्या वाहनांना मज्जाव. ऐन भरात जवळजवळ सहा हजार ट्रक या कामावर होते आणि त्यांचे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. लढाईच्या तुकड्यांत त्यांना सहसा घेत नसत; पण लढाई चालू राहिली ती त्यांच्या चाकांवर.

या ट्रकच्या हौद्यावर ताडपत्री असते आणि ती तोलून धरायला ओळीनं कमानी. या कमानी लाकडाच्या. त्या काळात पोलाद वाचवायचं म्हणून कित्येक गाड्यांचे हौदेसुद्धा लाकडी केले होते. ट्रकचं लोखंड घासून, रंगवून टिकवता येतं. कमान मात्र पावसानं कुजते, किडीनं पोखरते, धक्क्यानं मोडते. म्हणजे आज मिरवणुकीत दिसणारा ट्रक १९४४ चा असला, तरी त्याच्या कमानी बहुधा कालपरवाच्या. त्या बनवतं कोण, हे मला पाहायचं होतं.

माझी भाची काँ शहरात शिकते. तिनं चौकशी करून बायूच्या दक्षिणेला एका खेड्यातला सुतार शोधला. बाप-लेक दोघं मिळून काम करतात. बापाला इंग्रजी येत नाही. भाची दुभाषी झाली.

लाकूड अ‍ॅशचं. आपल्याकडे हे झाड ओळखीचं नाही, पण लाकूड आहे: क्रिकेटचे स्टंप परंपरेनं अ‍ॅशचेच. चिवट, लवचीक, सरळ रेषेचं. सुतारानं एक फळी उचलली, उन्हात धरली आणि गाठ दिसताच बाजूला टाकली. निवडलेल्या पट्ट्या चार मीटरच्या आसपास लांब, सव्वा इंच जाड. त्या भट्टीत वाळवलेल्या चालत नाहीत, थोडा ओलावा लागतो. एका लांब लाकडी पेटीत त्या ठेवल्या, दार लावलं आणि खालच्या बॉयलरची वाफ आत सोडली. पेटीच्या फटींतून वाफ बाहेर येत होती. आपला मोदकपात्राचाच प्रकार: दाब नको, फक्त भरपूर वाफ. इंचाला एक तास हा हिशेब. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन त्या उष्णतेनं मऊ पडतं.

सव्वा तासानं लेकीनं जाड हातमोजे घातले. बाप म्हणाला, “आता कुणी प्रश्न विचारू नका.” पट्टी बाहेर आली की हातात जेमतेम मिनिटभर असतं. वाफाळलेलं लाकूड आतल्या बाजूनं सहज दबतं, पण बाहेरच्या बाजूनं फारसं ताणत नाही, तिथेच तडकतं. म्हणून बाहेरून पोलादाची पट्टी लावतात आणि लाकडाची दोन्ही टोकं तिच्या ठोकळ्यांत पक्की अडकवतात. मग ताण पोलाद घेतं, लाकूड फक्त दबतं. दोघांनी दोन्ही बाजूंनी जोर लावून ती साच्याभोवती वळवली, क्लँप आवळले, आणि मगच श्वास सोडला. दुसरी पट्टी खांद्यावर तडकली. लेकीनं ती शांतपणे जळणाच्या ढिगात टाकली.

ही पोलादी पट्टीची युक्ती एकोणिसाव्या शतकात मिशाएल थोनेट यांनी व्हिएन्नाच्या खुर्च्यांसाठी वापरली. मुंबई-पुणे-हैदराबादच्या जुन्या इराणी हॉटेलांत गोल पाठीची हलकी खुर्ची पाहिली असेल, तर ती याच घराण्यातली. आपल्या बैलगाडीच्या चाकाचा गोल मात्र वाकवून होत नाही. पाटे कोरून जोडतात आणि वर लोखंडी धाव चढवतात. मी विचारलं, कमानही अशी कापून का काढत नाही? त्यानं तुकड्यावर बोट फिरवलं: वळणावर कापलं की रेषा तुटते, आणि पहिल्याच खड्ड्यात कमान तिथेच मोडते.

साच्यावर कमान काही दिवस राहते. सोडली की थोडी उघडते, म्हणून मुळातच जरा जास्त वाकवलेली असते.

खरी अडचण पुढे कळली. एका बुरशीनं युरोपभर अ‍ॅशची झाडं मरत आहेत. ही बुरशी पूर्व आशियातली. तिथल्या अ‍ॅशला तिचा विशेष त्रास नाही, इथल्याला मात्र ती मारते. फ्रान्समध्ये ती २००८ मध्ये पहिल्यांदा सापडली. नॉर्मंडीच्या शेतांभोवती उंच बांध आणि त्यांवर झाडांचं दाट कुंपण असतं. याच कुंपणांनी १९४४ मध्ये रणगाडे अडवले होते. त्या बांधांवरचे अ‍ॅश आता शेंड्याकडून वाळताना दिसतात. सगळेच मरत नाहीत, थोडी झाडं तग धरतात.

“लोखंडी नळ्या का लावत नाही?” भाचीनं विचारलं. लेक म्हणाली, “गिऱ्हाईक मागतातही. पण मग हे काम माझ्यापाशीच संपेल.” तग धरलेल्या झाडांचं बी त्यांनी वर्कशॉपमागे लावलं आहे. रोपं माझ्या गुडघ्याएवढी होती. त्यांच्या कमानी व्हायला निदान चाळीस वर्षं लागतील, आणि तेव्हा वाफेची पेटी कोण पेटवणार हे तिलाही ठाऊक नाही. तरी ती लावते.

नॉर्मंडीला गेलात तर अशा एखाद्या ट्रकच्या मालकाला विचारून ताडपत्रीखाली जरूर डोकवा. कमानीच्या खांद्यावर बोट ठेवा. लाकडाची रेषा वळणासोबत न तुटता वळली असेल, तर समजा, ती वाफेतून निघाली आहे आणि तिच्या दोन्ही टोकांशी कुणीतरी मिनिटभर श्वास रोखून उभं होतं.