आडवी इमारत

किनवटला स्टेशनकडे निघाले तेव्हा मगरिबची नमाज नुकतीच सुटली होती. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दारात रोजच्यासारख्या बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. कुणाचं पोर तापलेलं, कुणाचं रात्री दचकून उठणारं. बाहेर पडणारे नमाजी काहीतरी पुटपुटत एकेकाच्या कपाळावर फुंकर मारत पुढे जात होते. त्या बायकांत आमच्या गल्लीतल्या होत्या, तशा तांड्यावरून आलेल्याही होत्या. माझीही मशिदीशी ओळख लहानपणापासून एवढीच, दारापर्यंतची. आतली बांधणी एकदा निवांत बघावी म्हणून मामूंना घेऊन रेल्वेनं औरंगाबाद गाठलं. पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर आहे. मामूंच्या तोंडी अजून जुनंच.

आधी बघितली ती शहागंजची मशीद, 1720 च्या सुमाराची. ती उंच चौथऱ्यावर आहे. तीन बाजूंना दुकानं, चौथीकडून वर जायच्या पायऱ्या. मामूंनी जन्मभर किराणा विकला, त्यांना घुमटाआधी गाळे दिसले. "बाहर के दुकानां, अंदर की दिया-बत्ती," ते म्हणाले. गाळ्यांच्या भाड्यातून तेल, चटया आणि इमाम-मुअज्जिनचा पगार भागवायचा, ही मशिदी चालवण्याची जुनी रीत आहे. बाजार मशिदीला चिकटून असतो तो उगाच नाही.

अंगणात दोन मोठे हौद. वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, केल्याशिवाय नमाज नाही, म्हणजे मशीद बांधायची तर आधी पाण्याची सोय हवी. या शहरात ती निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं शंभर वर्षं आधीच करून ठेवली होती. त्याच्या नहरीचं पाणी जमिनीखालून शहरभर फिरायचं.

त्याचीच जामा मशीद बघायला मी खरी आले होते. दोन नमाजांच्या मधल्या वेळी गेलो, गर्दी नव्हती. दर्शनी 9 कमानी, आत घुमटाकार छताचे 27 सारखे खण. हिशेब करा: आडवे नऊ, खोल फक्त तीन. देवळात नजर गाभाऱ्याकडे आत आत ओढली जाते. इथं आत ओढणारं काहीच नाही. पश्चिमेच्या भिंतीत मेहराबचा कोनाडा आहे, पण तो रिकामा, फक्त दिशा दाखवणारा. सगळी इमारत सफीसाठी, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या रांगेसाठी. पहिल्या सफीत जागा मिळावी असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून इमारत आडवी पसरते.

या नवांतल्या 5 कमानी मलिक अंबरच्या, 1612 च्या. उरलेल्या 4 औरंगजेबानं जोडल्या. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि मुघलांशी लढत राहिला. आणि त्याची सफ लांबवली ती एका मुघलानंच! इतिहासाच्या पुस्तकात हे दोघे असे शेजारी उभे दिसत नाहीत.

त्या सफीत बाईनं कुठं उभं राहायचं, हे मी मामूंना विचारलं. ते हौदाकडे बघत राहिले. पुण्याच्या एका दांपत्यानं हाच प्रश्न 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. 2023 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की बाईला मशिदीत नमाज पढायला मनाई नाही. मनाई नाही हे मलाही ठाऊक होतं. पण तिच्यासाठी वेगळी वाट, वेगळा वुजूखाना बांधायचा कुणी? गावोगावच्या मशिदींना मजले चढताहेत, बांधकाम तर चालूच आहे.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. तिथली जामा मशीद 1318 ची, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली, 106 खांबांची. खांब जुन्या देवळांचे आहेत, नक्षीवरून लगेच कळतं. ते झाकायचा खटाटोप कुणी केलेला नाही. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात आलं, त्यानंतर इथं भारतमातेची मूर्ती बसली. नमाज होत नाही. चपला बाहेर काढून सहलीची पोरं, त्यांच्या बाई, घामाघूम कुटुंबं सरळ आत शिरत होती. त्यांच्यामागून मीही गेले, मला कुणी हटकलं नाही.